दोन शर्टांची आई

शर्टाच्या पाठीवर आकडा लावणं दिसतं तितकं सोपं नाही. शर्टाचं कापड ताणलं जातं, आकड्याचं जात नाही. टाका जरा घट्ट पडला की पहिल्याच धुण्यात कडेनं चुण्या पडतात आणि चांगला धडधाकट खेळाडू मागून सुरकुतलेला दिसतो. खेळाच्या कपड्यांच्या त्या दुकानात, मागच्या खोलीत, हे काम कित्येक वर्षं एकाच बाईकडे होतं. "बाकीच्यांचे आकडे लागतात, आमच्या बाईंचे बसतात," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा. पगारवाढीचा विषय निघाला की मात्र त्याला हे आठवत नसे.

गावाच्या मधून खाडी जायची, खाडीवर पूल होता, आणि पुलाच्या दोन टोकांना दोन फुटबॉल क्लब. अलीकडच्यांचा शर्ट निळा, पलीकडच्यांचा तांबडा. एकमेकांना पाण्यात पाहणारे हे दोन्ही क्लब शर्ट मात्र याच दुकानात शिवून घेत, कारण दुसरं दुकानच नव्हतं. निळा गठ्ठा खिडकीपाशी, तांबडा दारापाशी, आणि मधे बसून बाई दोघांनाही आकडे लावायची.

"तू पंचच व्हायला हवं होतंस," शेजारच्या मशिनवर काजं करणारी तिची मैत्रीण म्हणायची. "दोघांच्याही पाठीत सुई खुपसतेस आणि कुणी ओरडत नाही."

काळजी करणं हा बाईचा दुसरा धंदा. दूध उतू जाईल म्हणून ही ते तापायच्या आधीच खाली उतरवते, असं तिचा नवरा म्हणे. मुलं लहान असताना ती गल्लीत खेळायला गेली की हिचा जीव तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला टांगलेला. हाका मारल्या तर खालची म्हातारी कुरकुरायची. म्हणून बाईनं एक युक्ती काढली. दातांत जीभ धरून ती शिट्टी मारायची, दोन आखूड आणि एक लांब. कुणी तरी टवाळ पोरगं असेल असं शेजाऱ्यांना वाटे, आणि दोघं भाऊ धावत जिना चढून येत.

पुढे मुलांनी ती शिट्टी खेळात उचलली. मागून दोन आखूड, एक लांब ऐकू आली की पुढच्यानं वळून न बघता टाचेनं चेंडू मागे सोडायचा. मागे भाऊ असणारच. खिडकीतून बघताना बाईला ते फार गोड वाटायचं.

दोघंही मोठे होऊन निळ्या शर्टात खेळू लागले. थोरला दिवसा टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा आणि संध्याकाळी मैदानावर जायचा. पुढे तो कप्तान झाला आणि सगळं गाव त्याला कप्तानच म्हणू लागलं. धाकटा जागच्या जागी गर्रकन वळायचा म्हणून त्याचं नाव पडलं भोवरा. पंचाईत एवढीच होती की दोघांची खेळायची जागा एक. जागा एक आणि भाऊ दोन म्हटल्यावर भोवरा बाकावर बसून फिरायचा थांबला. काही वर्षं त्यानं थोरल्याच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्या. मग पलीकडच्यांनी बोलावलं. संघात जागा देऊ, बाटल्यांच्या कारखान्यात नोकरीही लावून देऊ, म्हणाले. तो गेला.

पूल ओलांडणारे याआधीही झाले होते, आणि त्यांचं काय झालं हे सगळ्यांना पाठ होतं. एका गोलकीपरची न्हाव्यानं अर्धी दाढी करून त्याला खुर्चीवरून उठवलं होतं: "उरलेली तिकडे करून घे." दुसरा एक जण तिकडे जाऊन परत आला, तर त्याला दोन्हीकडचे मरेपर्यंत 'परत आलेलं पार्सल' म्हणत राहिले.

बाईचा नवरा बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त. "जन्मभर त्या पुलावरून बस नेली मी," तो म्हणाला, "पण पलीकडे उतरून कधी चहासुद्धा घेतला नाही. आणि हा तिकडे घाम गाळणार!" त्या दिवसापासून तो धाकट्याशी फक्त मीठ मागण्यापुरतं बोलू लागला. तांबड्या शर्टावरचा धाकट्याचा आकडा बाईनं स्वतःच्या हातानं लावला, आणि नवऱ्याला सांगितलं, काजवालीनं लावला.

मग दोन क्लबांचा सामना आला. अलीकडच्यांच्या मैदानावर बाई नवऱ्याशेजारी बसली. राखाडी साडी नेसून, म्हणजे कुणाला बोट दाखवायला नको. सामना संपत आला तरी बरोबरी होती. तेवढ्यात धाकट्यानं आपल्याच गोलसमोर चेंडू अडवला. दोन निळे त्याच्या अंगावर आले, वळायला जागा नव्हती. आणि मागून शिट्टी आली.

पंचाच्या शिट्टीत वाटाण्याएवढी गोळी असते, ती खुळखुळते. ही जिभेची होती. दोन आखूड, एक लांब. भोवऱ्यानं मागे न बघता टाचेनं चेंडू सोडला. मागे भाऊ होता. थोरल्यानं तो तसाच जाळ्यात मारला.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग निळी बाजू उठून नाचू लागली आणि तांबड्या बाजूनं एकच ओरडा केला, "विकला गेला! घरच्यांना दिला!" धाकटा जिथल्या तिथे उभा होता. त्यानं मान वर करून बाकांकडे पाहिलं. बाई खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधू लागली. पिशवीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

घरी नवऱ्यानं पेढे वाटले. कप्तानाला लोकांनी खांद्यावरून दारापर्यंत आणलं. धाकटा मागच्या जिन्यानं वर आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. काय झालं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यानं एकच सांगितलं, "पाय घसरला."

थोरला आज बोलेल, उद्या बोलेल, असं बाई मनाशी म्हणत राहिली. तो पानावर बसायचा, अन्न चिवडायचा, उठायचा. त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली होती आणि बाईनंही. पलीकडच्या क्लबनं धाकट्याची चौकशी ठरवली. सामना विकला असं ठरलं तर संघ जाणार, नोकरी जाणार, आणि तो शिक्का घेऊन कुठलाच क्लब त्याला दारात उभं करणार नव्हता.

"तू तर तिथंच होतीस," दुकानात काजवालीनं विचारलं. "खरं सांग गं, मुद्दाम दिला का त्यानं?"

"गर्दीत मला काही दिसलं नाही," बाई म्हणाली. आणि मशिन जोरात चालवलं.

खरं तर तिला बोलता आलं असतं. पण नवरा बऱ्याच दिवसांनी गुणगुणत दाढी करत होता. वाटेत बायका थांबवून म्हणत होत्या, "कप्तानाची आई ना तुम्ही?" ते ऐकून तिच्या गालांवर हसू यायचं, आणि ते आलं की आतून कुणी तरी चिमटा काढावा तसं व्हायचं. आपलेच दात नि आपलेच ओठ, असं तिनं स्वतःला किती वेळा समजावलं. पण तिच्या दातांनी धाकट्याचाच ओठ रोज चावला जात होता.

मग एका सकाळी मालकानं तिच्यासमोर एक तांबडा शर्ट टाकला. "पलीकडून आलाय. आकडा उसवा. नवीन पोराला दुसरा लावायचाय." त्याला बिचाऱ्याला त्यात काही वाटलं नाही, कामाचा शर्ट तो कामाचा शर्ट.

चौकशी अजून व्हायची होती आणि धाकट्याचा शर्ट आधीच उसवायला आला होता. बाईनं ब्लेड हातात घेतलं, पहिला टाका कापला, दुसरा कापला. तिचे टाके उसवणं सोपं नव्हतं. ते बसलेले होते. तिनं ब्लेड खाली ठेवलं, शर्ट घडी करून पिशवीत घातला आणि मालकाला न विचारता टायरच्या दुकानाकडे गेली.

थोरला पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"शिट्टी तू मारलीस," ती म्हणाली.

त्यानं ट्यूब फिरवली. "कसली शिट्टी?"

"माझी."

त्याचे हात पाण्यातच थांबले. "आई, खेळात चालतं असं. समोरच्याला फसवणं हाही खेळच असतो."

"चालतं ना? मग ज्या तोऱ्यानं गोल मारलास त्याच तोऱ्यानं सांग ना बाबांना."

त्यानं ट्यूब टबाच्या कडेवर ठेवली. खालीच बघत म्हणाला, "मी मारायची म्हणून नाही मारली गं. त्याची पाठ दिसली आणि तोंडातून निघून गेली. नंतर सगळे इतके नाचायला लागले, की..." मग त्यानं वर पाहिलं. "तुला तेव्हाच ऐकू आली होती?"

"हो."

"मग तू का नाही बोललीस?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तू सांगशील म्हणून वाट बघत होते, हे उत्तर बाईच्या ओठांवर आलं, पण ते अर्धंच खरं होतं आणि उरलेलं अर्धं तिला पोटच्या पोरासमोर उच्चारवेना.

"उद्या संध्याकाळी त्याची चौकशी आहे," ती म्हणाली. "येशील?"

"बघतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला आतल्या खोलीत बसून होता. बाईनं चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. आतून चाहूल आली नाही. मग ती एकटीच निघाली.

पलीकडच्या क्लबच्या खोलीत ओल्या मोज्यांचा वास भरला होता. टेबलामागे सेक्रेटरी आणि प्रशिक्षक होते, समोर स्टुलावर धाकटा. आईला दारात बघून त्याचा चेहरा पडला.

"तू कशाला आलीस? जा घरी."

ती गेली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. खिडकी, गल्ली, शिट्टी, टाचेनं सोडलेला चेंडू. सांगताना तिची नजर टेबलाच्या कडेच्या वर गेली नाही.

"बाई," सेक्रेटरी म्हणाला, "दोघंही तुमचेच. एकाला वर काढायला दुसऱ्याला बुडवताय, कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि हे आज सुचलं?"

"सुचलं तेव्हाच होतं. तोंड उघडलं नाही."

प्रशिक्षक धाकट्याकडे वळला. "ऐकली होतीस शिट्टी?"

"पाय घसरला."

"घसरलेल्या पायानं इतका सरळ पास देणारा मी आजवर पाहिला नाही रे," प्रशिक्षक म्हणाला. "तसा असेल तर सगळ्या संघाचे पाय घसरवतो मी." कुणीच हसलं नाही. धाकट्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं आणि मानेनंच हो म्हटलं.

तो विकला गेला नव्हता, असं ठरलं. नोकरी राहिली, शर्ट राहिला. पण अलीकडच्यांसमोर त्याला यापुढे कधीच उतरवायचं नाही, असंही प्रशिक्षकानं सांगून टाकलं. जो एका शिट्टीवर चेंडू सोडतो, त्याचा भरवसा काय? आणि कप्तानानं फसवून गोल मारला हे अलीकडच्या क्लबला कळवणं भाग आहे, असं सेक्रेटरी म्हणाला. बाईनं पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला. आकड्याचा एक कोपरा लोंबत होता. तो तेवढा शिवून देते, म्हणाली, पण सुई आणायला ती विसरली होती.

पुलावर धाकटा पुढे चालत होता. मधेच तो थांबला.

"कुणी सांगितलं होतं तुला यायला?"

"तुझी नोकरी गेली असती रे."

"दुसरी मिळाली असती. दादाला आता दुसरं गाव कुठून आणशील?"

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि यायचंच होतं तर पहिल्या दिवशी यायचं ना, आई. गोल झाला तेव्हा मी वर बघितलं होतं, तुझ्याकडेच. म्हटलं, आईला तरी कळलं असेल. तू पिशवीत डोकं घातलं होतंस."

तो रागानं बोलला असता तर तिला सोसलं असतं. तो नुसतं सांगत होता. उरलेला पूल ती त्याच्या मागे चालली, बरोबरीनं चालायचा तिला धीर झाला नाही.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. आतून नवऱ्याच्या रेडिओचा आवाज येत होता, म्हणजे त्याला अजून काही कळलं नव्हतं. थोरला दारातच उभा होता. धाकटा त्याच्या बाजूनं आत गेला. जाताना दोघांचे खांदे घासले.

"सांगून झालं?" थोरल्यानं विचारलं.

"झालं."

"मी निघालोच होतो, आई. जरा थांबली असतीस तर मीच येऊन सांगणार होतो. शपथ."

बाईला म्हणायचं होतं, मला ठाऊक आहे, बाळा. तसं म्हणायला तिनं तोंडही उघडलं. पण त्याआधीच तिची नजर त्याच्या पायांकडे गेली होती. पायांत घरातल्या सपाता होत्या.

तिनं चटकन नजर उचलली. पण ती नजर कुठे जाऊन आली होती, ते त्यानं पाहिलं होतं.