बांडीची पायरी

काळूरामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चांदीप गावाहून सायकल मारत तो गोखिवऱ्याच्या गाळ्यावर सगळ्यांच्या आधी पोचायचा. गाळ्यात प्लास्टिकच्या बादल्या बनत. उघडायचं-लावायचं काम त्याचंच. शटर ओढायलाही रीत असते. अर्ध्यावर धरायचं, मग दोन्ही हातांनी बसवायचं. सोडलं की आपल्या वजनानं आदळतं. त्याच्या हातून ते एकदाच निसटलं.

दुसऱ्या दिवशी गोण्यांमागे मांजराचं पिल्लू दिसलं. शेपटी अंगठ्याएवढी. काल आदळलेल्या शटरातच ती तुटली, असं काळूरामनं धरलं. रोज जेवणाच्या सुट्टीत तो त्या खुंटाला हळद-तेल चोळू लागला. पिल्लू किंचाळे, त्याला वाटे, जखम आतून ठणकतेय. तुटक्या शेपटीची म्हणून नाव पडलं बांडी.

सशासारखी टुणटुणत चालणारी बांडी एके दिवशी उठेचना. पोट दगडासारखं, शी बंद. बाहेर चहा विकणाऱ्या मटिल्डाबायनं विचारलं तेव्हा त्यानं शटरचं सांगून टाकलं.

"आन् माझ्या चाळीमागचा बोका?" ती म्हणाली. "त्याचीपन शेपटी एवढीच. त्याला कुठल्या शटरात घातलास?"

स्टोव्ह बंद करून तिनंच रिक्षा थांबवली. वसईच्या जनावरांच्या डॉक्टरनं बांडीला चाचपलं. कापल्याची खूण नव्हती. ती जन्मतःच आखूड शेपटीची. अशी काही मांजरं कण्याच्या शेवटाला नाजूक असतात, आतडी सुस्त पडतात. खुंट चोळायचा नाही, तिथंच दुखतं. खाणं ओलसर द्यायचं, त्यात चमचाभर उकडलेला भोपळा. मागची बाजू रोज पुसायची. उंच उड्या नकोत. एनिमा दिल्यावर तासाभरात पोट मोकळं झालं.

"म्हंजे माझ्या हातानं नाय झालं?" काळूरामनं दोनदा विचारलं.

"शटरानं नाय," मटिल्डाबाय म्हणाली. "हळदीनं मात्र पोरीला रडवलीस."

काळूरामनं हात जोडले. डॉक्टरला की तिला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून परसातल्या वेलीचा पहिला लाल भोपळा मटिल्डाबायच्या घरी जातो, दुसरा बांडीचा. शटर मात्र तो कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत वाकून, खाली बघूनच लावत राहिला.

काम सुटलं तेव्हा बांडी चांदीपला आली. घराचं जोतं उंच. ती दोनदा घसरली. शेवटच्या पगारातून काळूरामनं गवंडी बोलावला आणि ओट्याला बुटकी, रुंद पायरी बांधून घेतली. शेजारी म्हणतात, गुडघ्यांसाठी बांधली. तो नाही म्हणत नाही. आधी बांडी चढते, मग तो.