वाचनालयाच्या पत्त्यावर

परभणीची गाडी सकाळी काचीगुड्याला लागली तेव्हा माझ्या पिशवीत एक साडी, दशम्यांचा डबा आणि एक पुस्तक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या पुस्तकाच्या बळावर मी नवऱ्याचं घर सोडलं. लिहिणाऱ्या बाईंनी ते टोपणनावाने छापलं होतं. प्रकाशकामार्फत मी त्यांना लिहिलं, तेव्हापासून मला आलेल्या पत्रांखाली मात्र खरं नाव असायचं, निर्मला. उत्तर त्या घरी नाही, तर एका वाचनालयाच्या पत्त्यावर मागवायच्या. का, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नाही. शहाणी मोठी मी!

न कळवता जाऊन आभार मानायचे, एवढ्यासाठी हा प्रवास. स्टेशनाबाहेर इराणी चहा घेतला, सोबत उस्मानिया (गोडसर-खारट बिस्किट). वाचनालयातल्या माणसाने घर सांगितलं, दोन गल्ल्या पलीकडे.

दार यजमानांनी उघडलं. मागे पदराला हात पुसत सत्तरीच्या निर्मलाबाई. मी दारातूनच सुरू झाले, "बाई, तुमच्या पुस्तकामुळे जगले हो मी!"

बाईंचा चेहरा उतरला.

"पुस्तक?" यजमान हसायला लागले. "आमच्या हिला किराण्याची यादी सोडून काही लिहिता येत नाही."

"घर चुकल्या असतील," बाई खाली बघत म्हणाल्या. "दुसरं कुणी असेल ते."

अगं बाई, काय करून बसले मी! "हो हो, चुकलेच," मी घाईघाईने म्हणाले. "मला तसंही बेगम बाजारात जायचंय."

"मलाही मिरच्या आणायच्यात," बाई यजमानांना म्हणाल्या. "यांना दाखवून येऊ?"

"बारापर्यंत परत ये."

रिक्षा करून आम्ही निघालो. बेगम बाजारात मिरच्यांच्या पोत्यांपाशी दोघींनाही शिंका आल्या, तेव्हा कुठे त्यांनी माझा हात धरला.

"खरंच घर सोडून निघालीस?"

"निघाले. खोली भाड्याची आहे, पण माझी आहे."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. मग तुमचं शेवटचं प्रकरण वाचायचे."

"काय होतं गं त्यात? माझ्याजवळ प्रत नाही."

मला रडू फुटलं. पुस्तक काढून दिलं. हमालांचे धक्के खात बाई उभ्या उभ्या वाचत राहिल्या, ओठ हलत होते.

"चांगलं लिहिलंय की मी," त्या म्हणाल्या.

"राहू द्या तुमच्याकडे."

"हौ (हो)," म्हणत त्यांनी ते मिरच्यांच्या पुड्याखाली पिशवीत घातलं. चार पावलं गेल्या, थांबल्या आणि पुन्हा बाहेर काढलं.

"पिशवी हेच रिकामी करतात. घरात ठेवू कुठे? तुझ्याकडेच असू दे. आणि पोरी, आता पत्र नको टाकूस."

बारा वाजायला आले होते. त्या रिक्षात बसल्या, वळून पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत दशम्या तशाच राहिल्या. जिने मला दार उघडून दिलं, तिच्या दारात जाऊन मी काय केलं, तर तिला स्वतःलाच नाकारायला लावलं. पुस्तक आता माझ्या फळीवर आहे, अजून मिरचीचा वास येतो. हे लिहिताना बाईंचं नाव बदललं आहे. पुस्तकाचं नाव सांगायला जीभ शिवशिवते, पण नाही सांगणार. एकदा सांगून पाहिलंय.