पंखांचं काम

सिनेमा संपला की आपल्याकडे शेवटची नावं कुणी वाचत नाही. ती सुरू व्हायच्या आत दिवे लागतात, दारं उघडतात आणि माणसं घाईघाईनं उठतात. मीही उठलो. ज्या पुस्तकाची मी शाळेपासून पारायणं केली, त्यावरचा हा सिनेमा होता, आणि त्यांनी त्याची पार वाट लावली होती.

"ड्रॅगनचे पंख बघितलेस? नुसतं प्लास्टिक!" मी मित्राला मोठ्यानं म्हणालो.

रांगेच्या टोकाला एक बाई मोबाइल पडद्यावर रोखून बसल्या होत्या.

"जरा खाली बसता का? मुलीचं नाव येणारे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं कॉम्प्युटरवर हे पंखच करत होती. सिनेमा लागायच्या आधीच गेली."

मी बसलो. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, कळलं नाही. पडद्यावरून नावं मुंग्यांच्या रांगेसारखी वर चालली होती. आजवर एवढ्या माणसांना मी एकेका वाक्यात निकालात काढत आलो होतो, आणि त्याला सिनेमाचं वेड म्हणत होतो.

तेवढ्यात पडदा पांढरा झाला. झाडूवाला आत आला.

"बंद का केलं हो?" बाईंनी मला विचारलं. मोबाइल अजून तसाच वर धरलेला होता.

पुढचा भाग येतोय म्हणे. त्यातले पंख आत्ता दुसरंच कुणीतरी करत असेल. आणि माझं एका वाक्यातलं मत आधीच तयार आहे.