ताईच्या सासऱ्यांनी घेतलेली दातांची शाळा

माणसाचं तोंड बघायच्या आधी दात बघणारा माणूस अख्ख्या सेनगाव तालुक्यात एकच, आणि ते नेमके माझ्या ताईचे सासरे निघावेत हे माझं नशीब. सारा जन्म शेळ्या-मेंढ्यांत गेलेला. खालचा ओठ दाबून 'दोन दाती', 'चार दाती' असं जनावराचं वय सांगायची सवय अशी मुरलेली, की ताईला बघायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी पुढे केली तर म्हणाले, "अक्कलदाढ आली का रे तुला?" कागदावरच्या जन्मतारखेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची पाच वर्षांची नात, माझी भाची सोनी, किडलेल्या दाढेनं हैराण झाली. दूधभाकरसुद्धा चावेना. मी हिंगोलीत राहतो, म्हणून तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि ताईला म्हणालो, लेकराला आधी समजावून ठेव. सासऱ्यांनी ते काम ओढूनच घेतलं. "पाव्हणं, तुमी काहून तकलीफ घेता? दाताचं मी बघून राहिलो ना."

चार दिवस गोठ्यात शाळा भरली. आधी शेळीचे दात मोजायचे, मग सोनीचे. पोरगी हुशार, दुसऱ्याच दिवशी आपणहून आ करून बसायला लागली. शिक्षण पक्कं व्हावं म्हणून सासऱ्यांनी तिला आठवडी बाजारातही नेलं आणि गिऱ्हाईक दात बघतं तेव्हा शेळी कशी गप उभी राहते ते दाखवलं. "बराबर तयार झाली," मला फोन आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई प्रेमानं वाकल्या, "दात बघू गं बाळा" म्हणाल्या मात्र, सोनीनं ओठ गच्च मिटले आणि आजोबांच्या धोतराला मिठी मारली. चॉकलेट झालं, विनवण्या झाल्या. शेवटी हुंदके देत म्हणाली, "आबा, मला इकू नका. मी दूध सांडणार न्हाई."

विकण्याचा विषय कुठून आला, ते मला कळेना. सासऱ्यांना आधी उमगलं. बाजारात जिचे जिचे दात बघितले, ती शेळी परत घरी आली नव्हती. लेकरानं धडा चोख घेतला होता, चुकला होता तो मास्तर.

सासऱ्यांनी पागोटं माझ्या हातात दिलं, डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवर आडवे झाले आणि आ केला. डॉक्टरीणबाईंनी उरलेसुरले दात मोजले. आबांना कुणी नेतंय का, यावर सोनी दारातून डोळ्यात तेल घालून पहारा देत होती. मग ते उठून तिच्यापुढे बसले. "माहे दात बघितले ना? मंग मी कुठं गेलो? तुह्यासंगं घरीच येऊन राहिलो ना?"

सोनी त्यांच्या मांडीवर बसली, त्यांचा अंगठा मुठीत धरला आणि तोंड उघडलं. दाढ भरून झाली तरी मूठ सुटली नव्हती.

सासऱ्यांनी शेळ्या विकणं सोडलं असं नाही, चूल त्यावरच पेटते. पण मी परवा त्यांच्यासोबत बाजारात गेलो होतो. गिऱ्हाईकानं एका करडाचा ओठ दाबला, तेव्हा हा माणूस दुसरीकडे बघत होता. मला त्यांची फार माया आली.