पळसाच्या रानातली उतरण

आमच्या तिघांत फळीवर सगळ्यात चांगला तो होता. पुढं जे झालं ते आम्हा दोघांपैकी कुणाला झालं असतं, तर इतकं लागलं नसतं असं मला अजून वाटतं.

धाराशिवात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, पत्र्याचे शेड अशी कामं. अब्बांनी सुरू केलेलं, आता मी चालवतो. तो बेंबळीकडच्या एका खेड्यातला, मेंढरं राखणाऱ्या घरातला. शिकून शहरातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर झाला होता. तिसऱ्याचं औषधाचं दुकान. आम्ही तिघं कॉलेजपासून एकत्र, आणि शाळा सुटली की तो माझ्या दुकानात येऊन बसणार हे ठरलेलं.

असाच एकदा आला आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. परदेशातली पोरं हवेच्या चाकांच्या फळीवर उभी राहून हिरव्यागार डोंगरावरून खाली येत होती.

"तुला जमंल का हे?"

"काय, पडायला?"

"बनवायला रे येड्या. पडायचं आमी बघतो."

ट्रॉलीला असतात तसली हवेची बारकी चाकं ऑनलाइन मागवली. प्लायचे थर चिकटवून फळी केली. खाली गाडीतली जुनी रबरी बुशं बसवली, म्हणजे फळी ज्या बाजूला कलेल त्या बाजूला चाकं वळतील. पाय अडकवायला सीटबेल्टचे पट्टे. पहिली फळी दुकानाच्या उतारावरच मोडली. दुसरी टिकली, मग तशाच आणखी दोन केल्या. असल्या फळीला माउंटनबोर्ड म्हणतात हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही शेवटपर्यंत फळीच म्हणत राहिलो.

त्याच्या गावामागं डोंगर आहे. एका अंगाला उघडा माळ, नुसतं कुसळी गवत. दुसऱ्या अंगाला रान. पळस, धावडा, कडुनिंब, मधूनच सागवान. त्या रानातून वळणं घेत खाली ओढ्यापर्यंत एक पायवाट उतरते. ती त्याच्याच घरच्या मेंढरांनी पाडलेली. आजोबाच्या वेळेपासून कळप तिथूनच वरखाली करायचा. दर रविवारी सकाळी औषधवाल्याच्या गाडीत फळ्या टाकून आम्ही तिथं जायचो. पहिल्या दिवशी त्याचे वडील मुंडासं सारखं करत बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "उभ्यानं घसरता व्हय रं? बसून घसरलं तर काय बिघडतंय?"

फळीला ब्रेक नव्हता. वेग आवरायचा तर ती उताराला आडवी वळवायची. हे आम्हाला त्यानं शिकवलं आणि त्याला कुणीच शिकवलं नव्हतं. मी गुडघे ताठ करायचो आणि माझ्या वजनानं पडायचो. औषधवाला अर्ध्या वाटेत उतरून फळी काखेत मारायचा. तो मात्र गुडघ्यात वाकून, हात सैल सोडून झाडांमधून असा निघायचा की वाळल्या पानांवर चाकांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. आम्ही धुळीनं माखून ओढ्याशी पोचेपर्यंत हा पाण्यात पाय सोडून बसलेला.

"आलात का? मला वाटलं मुक्कामाला ऱ्हायलात वर."

ते दिवस फार चांगले होते. चांगले आहेत हे तेव्हाही कळत होतं.

पावसाळा संपून गेल्यावर एका रविवारी तो रानात पडला. वाटेच्या कडेला धावड्याचा एक तोडलेला खुंट होता, त्यावर पुढचं चाक आदळलं. कोपर सोलून निघालं.

"हा खुंट कुणी ठेवला हितं?"

खुंट पहिल्यापासून तिथंच होता. आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या खेपेला दगडावर गेला. त्यानंतर सरळ एका पळसावर, खांद्यानं. गंमत अशी की माळावर तो पहिल्यासारखाच उतरायचा. पडायचं ते फक्त रानात.

"सावलीत गेलो की वाट जाती रे," एकदा खांदा चोळत तो म्हणाला. "ऊन-सावली, ऊन-सावली होतंय ना, त्याच्यात."

मग दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. दुकानात उभ्या केलेल्या जाळीच्या चौकटीला तो धडकला. चहावाल्यानं बाजूनं पुढं केलेला ग्लास त्यानं घेतलाच नाही. तो समोर बघत बोलत राहिला आणि चहावाला ग्लास धरून उभा. दिवस कलला की घरी जायची घाई करायला लागला, मोटारसायकल दुकानातच ठेवून एसटीनं जायला लागला. मी म्हटलं, शाळेत दमत असेल.

औषधवाल्यानं ओळखलं. ओढ्याशी बसलो होतो. त्यानं काही न बोलता आपला हात त्याच्या कानाजवळ नेला आणि बोटं हलवली. हा पाण्याकडं बघत होता. हात हळूहळू पुढं येत येत पार डोळ्यासमोर आला, तेव्हा हा दचकला.

"काय करतोस रे?"

"उद्या शाळेला रजा टाक. सोलापूरला जायचंय."

"कशाला?"

"डोळे दाखवायला."

सोलापूरच्या डॉक्टरांनी दुपारपर्यंत निरनिराळ्या मशीनींसमोर त्याला बसवलं. मग आम्हा तिघांनाही आत बोलावलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. जन्मापासून असतो, म्हणाले, पण कळतो असा मोठेपणी. अंधारातलं आधी जातं, मग कडेचं, मग हळूहळू मधलं.

"चष्म्यानं?" औषधवाल्यानं विचारलं. त्याला उत्तर माहीत असणार, तरी विचारलं.

"नाही."

"ऑपरेशन?"

डॉक्टरांनी मान हलवली. "किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. कुणाचं सावकाश जातं, कुणाचं भराभर. यांचं जरा भराभर दिसतंय. गाडी मात्र आता चालवू नका."

"गाडी न्हाय साहेब," तो म्हणाला. "फळी."

डॉक्टरांना समजलं नाही. त्यांनी आमच्याकडं पाहिलं. 

येताना तो पुढच्या सीटवर बसून काचेतून बघत होता. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता. तामलवाडी, तुळजापूर, पुढं किती किलोमीटर, सगळं. औषधवाला गाडी चालवता चालवता शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता.

त्याचं लग्न ठरलेलं होतं. माकणीची मुलगी, सुपारी फुटलेली. घरी अजून काहीच सांगितलं नव्हतं, पण तो मला म्हणाला, "घरच्यांच्या आधी तिकडं सांगायचं. घरी सांगितलं तर मला तिकडं जाऊ देणार न्हाईत." दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर आम्ही माकणीला गेलो.

मुलीच्या वडलांनी आधी चहा मागवला. नवरदेव अचानक का आला म्हणून घर गोंधळलेलं. त्यानं चहाला हात न लावता सगळं सांगितलं. डॉक्टर जे बोलले ते, तसंच्या तसं.  मग आतल्या दारातून मुलगी बाहेर आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती दारातच उभी राहिली आणि सरळ त्याला म्हणाली,

"आत्ता मी दिसते का तुम्हाला?"

"दिसता," तो म्हणाला. "दाराची चौकट न्हाय दिसत. तुम्ही दिसता."

 मग वडलांकडं वळून म्हणाली, "दादा, मला चालतंय."

वडील उठले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला आत नेलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "पावणं," ते म्हणाले, "तुम्ही होऊन सांगायला आलात, दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. तुमचं लई उपकार हायत. पण मी बाप हाय. मला न्हाय चालणार."

"बरोबर हाय तुमचं," तो म्हणाला आणि उठला. उठताना स्टुलाला लागून चहाचा कप सांडला. मुलीची आई कप उचलायला धावली आणि उचलता उचलता रडायलाच लागली.

परत येताना तो मागं माझ्या खांद्यावर हात ठेवून बसला होता. लोहाऱ्याच्या पुढं आल्यावर म्हणाला, "ड्रेस कसला होता रे तिचा?"

"हिरवा."

"मी तोंडच बघत बसलो," तो म्हणाला. "बाकी काय बघितलंच न्हाय." त्यानंतर घर येईपर्यंत त्याचं डोकं माझ्या पाठीला टेकलेलं होतं, आणि माझा शर्ट ओला होत होता.

घरी कळलं. त्याची माय दोन दिवस जेवली नाही. मी गेलो की माझ्यासमोर येऊन बसायची. एकदा माझा हात हातात घेऊन, हातावरचे वेल्डिंगचे चटके बघत म्हणाली, "लेकरा, तू एवढं मशिनीचं करतूस. डोळ्याचं काय न्हाय का रं बनत?" मी घरी येऊन हे अम्मीला सांगितलं. अम्मी पीठ मळत होती, तिचे हात परातीत तसेच थांबले.

थंडीत तो म्हणाला, एकदा रानातून उतरायचं. माळावरून नको, रानातूनच. आम्ही दोघांनी आदले दोन दिवस वाट साफ केली. खुंट उपटले, दगड काढले, पानं झाडली. त्या दिवशी औषधवाला मधल्या वळणावर उभा राहिला, मी त्याच्या खालच्या वळणावर. ओरडून सांगायचं ठरलं होतं, उजवीकडं, डावीकडं.

तो निघाला. वरून चाकांचा तोच आवाज आला. "डावं! डावं!" औषधवाला ओरडला. तो डावीकडं वळला, अगदी सुरेख. मग मी ओरडायला लागलो. "सरळ! आता उजवं! उजवं!" तो उजवीकडं वळला. झाडांमधून मला त्याचं तोंड दिसलं. मी त्याला इतक्या वेळा उतरताना बघितलं होतं, पण असं तोंड कधी बघितलं नव्हतं. ताणलेलं, कान देणारं. माझ्यापासून थोड्या अंतरावर त्यानं फळी आडवी घातली आणि थांबला. पडला नाही. थांबला. वाकून पट्टे सोडले आणि खाली बसला.

मी धावत गेलो. "काय झालं? लागलं का?"

"न्हाय."

"मग? चांगला तर येत होतास."

"तुमी आणत होता," तो म्हणाला. "मी कुठं येत होतो? डावं म्हटलं की डावं. मेंढरावानी."

औषधवाला वरून धापा टाकत आला. "अरे, सवय होईल. आम्ही येऊ ना दर रविवारी, ओरडू आम्ही—"

"नको," तो म्हणाला. "लई केलंत. वाट झाडलीत, मला कळलं. पण नको."

आम्ही तिघंही तिथंच एका पळसाखाली बसून राहिलो. कुणी कुणाला धीर दिला नाही. उतरताना तो माझा दंड धरून चालला, आणि फळी मी घेतली.

त्यानंतर रविवारी मी नुसता भेटायला जायचो. सुरुवातीला तो अंगणात येऊन बसायचा. मग माय सांगायला लागली, झोपलाय. एका रविवारी स्वतःच दारात आला आणि म्हणाला, "दोस्ता, राग नको धरू. तू आलास की मला चाकांचा वास येतो. त्या रबराचा. दिवसभर जात न्हाय मग. जरा दिवस येऊ नको." मी हो म्हणालो. गाडी चालू केली, गावाबाहेर आलो आणि मारुतीच्या देवळापाशी गाडी लावून तिथंच उभा राहिलो. घरी जावंसं वाटेना, मागंही जाता येईना.

शाळेची नोकरी त्यानं सोडली. पुण्याला अंध मुलामाणसांना शिकवतात अशा एका ठिकाणी गेला. कॉम्प्युटर बोलतो, त्यावर काम करायला शिकला. आता तिथंच एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो. माकणीच्या मुलीचं लग्न लातूरकडं झालं. औषधवाल्यानं गाडी बदलली, नव्या गाडीत फळ्या मावत नाहीत, आणि आम्ही दोघं आता भेटलो तरी धंद्याचंच बोलतो. मी एकदा फळी घेऊन एकटा रानात गेलो होतो. वरपर्यंत चढलो, पाय पट्ट्यात अडकवले आणि परत काढले.

मागच्या महिन्यात मालासाठी पुण्याला गेलो होतो. फोन केला तर म्हणाला, ये. पांढरी काठी घेऊन बसस्टॉपवर माझ्या आधी येऊन उभा होता. मी हाक मारली, त्यानं आवाजाच्या दिशेला हात पुढं केला. जाडा झालाय. एका हॉटेलात बसलो. अम्मीची तब्येत, माझ्या मुलीची शाळा, लोखंडाचा भाव, सगळं त्यानं विचारलं. हसलाही. मला वाटलं, आता बोलता येईल.

"आपल्या रानात यंदा पळस असा फुलला होता—" मी सुरू केलं.

"ते नको," तो म्हणाला. आवाज रागाचा नव्हता. एखाद्यानं वाढताना भात पुरे म्हणावं तसा. "दुसरं सांग."

 त्यानंच मग आपल्या ऑफिसातल्या कुण्या साहेबाची गंमत सांगितली आणि मी हसलो. निघताना मी त्याचा दंड धरायला गेलो, तर म्हणाला, राहू दे, रोजचा रस्ता आहे. काठी टेकवत तो गर्दीतून निघून गेला. भराभर चालत होता, कुणाला धक्काही न लागू देता. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिलो, आणि मग धाराशिवची बस पकडली.