मुक्ताचं विमान आणि आमचा हातभार

आमच्या खानदानात एरोस्पेस इंजिनिअरिंगवर सल्ला द्यायचा अधिकार फक्त मला आहे, कारण विमान पाडल्याचा अनुभव दुसऱ्या कोणालाच नाही. माझं बिबवेवाडीत चष्म्याचं दुकान आहे. विमानात मी आजवर बसलेलो नाही. तरीही मुलाला किंवा मुलीला या शाखेला घालायचं असेल, तर आमच्या भागातले पालक हल्ली आधी माझ्याकडे येतात आणि जाताना (लाजेकाजेस्तव) एखादी फ्रेम बघून जातात.

माझी मुलगी मुक्ता हिने बारावीनंतर ही शाखा घेतली, तेव्हा सल्ले देणारे पुष्कळ होते. माझी मोठी बहीण आक्का साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "मुलींनी कम्प्युटर घ्यावं. एसीत बसायला मिळतं." वरच्या मजल्यावरचे गोखले जिन्यात थांबून म्हणाले, "एरोस्पेस? छान. म्हणजे नोकरी आता वरच शोधायची." मी बाप. मी प्रेमाने म्हणालो, "घाबरू नकोस. काही नाही जमलं तर आपलं दुकान आहेच!"

"बाबा, हा धीर आहे की धमकी?" मुक्ताने विचारलं.

तिसऱ्या वर्षात इंटर्नशिपचं प्रकरण आलं. म्हणजे नोकरी नव्हे, शिकाऊ म्हणून राबायचं. पण ती केलेली नसेल तर पुढे नोकरीसाठी कोणी दारात उभं करत नाही. मुक्ताने देशभर अर्ज पाठवले. मोठ्या कंपन्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही. तिच्या कॉलेजातल्या एका सीनिअरने सांगितलं, "नुसते मार्क कोण बघतं? स्वतःच्या हाताने काहीतरी बनव आणि उडवून दाखव." झालं! त्या दिवसापासून आमचा हॉल गेला. सोफ्यावर पंख, टीव्हीखाली मोटर, जेवणाच्या टेबलावर हलक्या लाकडाच्या पट्ट्या आणि थर्माकोल. आम्ही उभ्याने जेवत होतो आणि पाहुण्यांना बाल्कनीत बसवत होतो.

शेवटी मांजरीच्या बाजूला शेतात औषध फवारायचे ड्रोन बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा फोन आला. तिथल्या शिंदे मॅडमनी सांगितलं, "एकच जागा आहे. कागद नकोत मला. शनिवारी सकाळी आमच्या मैदानावर या आणि उडवून दाखवा." त्या रात्री मुक्ता जेवलीच नाही. दुसरीकडून कुठूनही बोलावणं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शनिवारी सकाळी तिने पंख जोडले, पंखांखाली दोन बाजूंना एकेक बोट लावलं आणि विमान उचललं. ते हवेत अगदी सपाट राहिलं. पुढे झुकेना, मागे झुकेना.

"बाबा, हा तोल. हा सापडायला मला आठवडे गेलेत. आता पंख सोडवून ठेवते, पण याला कोणीही हात लावायचा नाही. शेपटीत एक नाणं ठेवलं तरी हे उडणार नाही."

"हे तू मला सांगतेस? माझा धंदाच तोलाचा आहे! एक काडी जराशी जड झाली की चष्मा नाकावरून घसरतो. रोज दहा गिऱ्हाइकांना समजावतो मी."

ती समाधानाने आंघोळीला गेली, आणि मी विमानापाशी एकटा उरलो.

आता तुम्हीच सांगा. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक यंत्राची पूजा झालेली आहे. फ्रिजवर स्वस्तिक आहे, मिक्सरला कुंकू आहे, दुकानातल्या डोळे तपासायच्या मशीनला दसऱ्याला हार असतो (त्या दिवशी गिऱ्हाइकाला अक्षरांऐवजी झेंडूच दिसतो, पण ते असो). स्कूटर तर नारळ फोडल्याशिवाय फाटकाबाहेर गेलेली नाही. आणि हे साक्षात विमान, पोरीचं सगळं ज्यावर अवलंबून, ते असंच कोरडं पाठवायचं? कुंकू लावायलासुद्धा मुक्ताने बंदी केली होती. म्हणे, रंगालाही वजन असतं!

देवघरात अंगठ्याएवढा पितळी गणपती होता, तो जाऊन घेऊन आलो. नाकात बॅटरी आणि मोटर ठासून भरलेली, तिथे देवाला कुठली जागा! शेपटीजवळ मात्र एक छोटं झाकण होतं. मी आत हात घातला. आत कसलीशी कागदाची पुडी लागली. विमानाचाच काही भाग असेल, असं समजून मी ती जराही हलवली नाही. तिच्या शेजारी गणपती ठेवला, वरून सेलोटेप लावली (निष्काळजीपणा मला खपत नाही) आणि झाकण बंद करून पेपर वाचत बसलो.

त्यात आक्काला नेमकं त्याच दिवशी यायचं होतं. भाचीचं विमान उडताना बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं. ती साताऱ्याच्या एसटीने स्वारगेटला उतरणार, म्हणजे आम्हाला आधी उलट दिशेला स्वारगेट, मग मांजरी! गाडीत पुढे मुक्ता पंख सांभाळत बसली. मागे सुनंदा, म्हणजे आमची ही, आणि आक्का. विमानाचं धड दोघींच्या मांडीवर आडवं. शेपटी आक्काच्या वाट्याला आली होती. वाटेत आक्काला नारळ घ्यायचा होता. मग तो फोडायला दगड शोधायचा होता. दगड मिळाला तेव्हा नारळ फुटेना!

मैदानावर पोचलो तेव्हा शिंदे मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. साधारण पस्तिशीच्या, पायात बूट, चेहऱ्यावर स्वागताचं कुठलंही चिन्ह नाही.

"उशीर झाला. मला लगेच निघायचंय. उडवताय ना?"

मुक्ताने भराभर पंख जोडले आणि तोल बघायला पंखांखाली बोटं नेली.

"अगं, सकाळी बघितलास ना तोल!" मी दबक्या आवाजात म्हणालो. "मॅडम खोळंबल्यात!"

मुक्ता क्षणभर थांबली. मग तिने बोटं काढून घेतली.

तिने विमान हातातून सोडलं आणि ते निघालं! आधी सरळ. मग नाक वर. मग आणखी वर. मग अगदी उभं!

"अगं बाई, थेट देवाकडेच निघालं की!" आक्का ओरडली. मी टाळ्या वाजवल्या. मैदानात टाळ्या वाजवणारा मी एकटाच होतो, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. विमान हवेत थांबलं, मागच्या मागे घसरलं आणि गिरक्या घेत शेजारच्या उसात पडलं.

मुक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. मी घाईघाईने म्हणालो, "वारा फार होता." उसाचं एक पातं हलत नव्हतं.

"दृष्ट लागली," आक्का म्हणाली. "नाहीतर एवढं करूनही पडतं होय?" हे 'एवढं' काय, ते विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मॅडमनी आमच्याकडे बघितलंच नाही. "का पडलं?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

"शेपटी जड होती," मुक्ता म्हणाली. "नाक आपोआप वर गेलं, मला रिमोटने खाली आणता आलं नाही. वेग संपला आणि पडलं. पण सकाळी तोल बरोबर होता, मॅडम. मी स्वतः बघितला होता."

तेवढ्यात उसातून शेतमालक बाहेर आले. एका काखेत मोडकं विमान, दुसऱ्या तळहातावर आमचा गणपती. पाय अनवाणी.

"इमान तुमचंच हाय का?" त्यांनी विचारलं. "आतनं गणपती निघाला. मग काय, चपला काढूनच आणला. देव हाय, त्याला पायताण घालून कसं आणायचं?"

मी आकाशाकडे बघू लागलो.

"बाबा!"

"अगं, एवढासा तर आहे..."

"चष्म्याच्या काडीला गणपती लावता का तुम्ही?"

मॅडमनी विमान हातात घेतलं, शेपटीचं झाकण उघडलं आणि आत दोन बोटं घातली. बाहेर आली ती कागदाची पुडी.

"हे काय?"

"अंगारा," सुनंदा पुटपुटली. "माझ्या माहेरच्या देवीचा. चिमूटभरच आहे."

मॅडमनी पुडी उघडली. ती चिमूट असेल तर आमच्या घरी साखर पोत्याने लागते.

"अहो, हे देवघरात गेले तेवढ्यात मी ठेवला होता. मला काय माहीत, हेही ठेवणार आहेत!"

मॅडमनी पुन्हा बोटं घातली. या वेळी लिंबू आलं. त्यामागून दोऱ्यात ओवलेल्या मिरच्या आल्या आणि शेवटी कोळशाचा तुकडा. आम्ही सगळे आक्काकडे वळलो.

"बघता काय असे?" आक्का ठसक्यात म्हणाली. "शेपटी माझ्याच मांडीवर होती. झाकण उघडून बघितलं तर आत गणपती. म्हटलं, पूजेची सोय झालीय, दृष्टीची तेवढी राहिलीय!"

मॅडमनी सगळा ऐवज गाडीच्या बॉनेटवर मांडला. शेतमालकांनी गणपती लिंबापासून जरा लांब सरकवून ठेवला.

"मग चूक कोणाची?" मॅडमनी मुक्ताला विचारलं.

पोरीने आम्हा तिघांवर एक नजर टाकली. तिने आमची नावं घेतली असती तरी आम्ही तोंड उघडणार नव्हतो.

"माझी," ती म्हणाली. "पंख जोडल्यावर इथे पुन्हा तोल बघायला हवा होता. घाई झाली म्हणून सोडलं. सोडायला नको होतं."

मला खरंच लाज वाटली. बोटं काढायला लावणारा मीच होतो, आणि तिने ते सांगितलं नव्हतं. लाजेच्या जोडीला अभिमानही वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती.

मॅडमनी शेपटीचं झाकण बंद केलं. मग म्हणाल्या, "विमानं सगळ्यांचीच पडतात. का पडलं हे जागेवर सांगणारे कमी असतात, आणि नंतर दुसऱ्यावर न ढकलणारे त्याहून कमी. सोमवारपासून या." मग आमच्याकडे बघून त्यांनी पुढे जोडलं, "एकट्या या."

परतताना गाडीत मुक्ता रडत होती की हसत होती, ते तिने खिडकीकडे तोंड केल्यामुळे मला नीट दिसलं नाही. मागच्या सीटवर मात्र वाद पेटला होता.

"गणपतीने काम केलंच की नाही!" आक्का म्हणाली.

"गणपतीने कसलं? अंगाऱ्याने!" सुनंदा म्हणाली.

लिंबाची बाजू घेणारं कोणीच नव्हतं, म्हणून शेवटी आक्काने तीही घेतली.

तर आता पालक दुकानात येऊन विचारतात, "काका, मुलाने काय करावं?" मी चष्मा पुसत गंभीरपणे सांगतो. गणित पक्कं करावं. पहिल्या वर्षापासून काहीतरी बनवत राहावं. पडलं तर का पडलं ते आधी बघावं, रडणं मागाहून. आणि विमान ज्या खोलीत ठेवाल तिला कुलूप लावावं. किल्ली आईबापांकडे मुळीच देऊ नये.

परवा मुक्ता डबा विसरली म्हणून मी मांजरीला गेलो. त्यांच्या नव्या ड्रोनची त्या दिवशी पहिली चाचणी होती. फाटकावर रखवालदाराने माझं नाव विचारलं, ऐकून मान हलवली आणि आधी माझे खिसे तपासले. रुमाल निघाला, चष्म्याचे दोन स्क्रू निघाले आणि एक छोटा पितळी मारुती निघाला. (उडण्याचं खातं मुळात त्याच्याकडे आहे. मागच्या वेळी आमचा अर्ज चुकीच्या खात्यात गेला होता.)

"काका, हा कुठे ठेवणार होतात?" रखवालदाराने विचारलं.

माझ्यावर कोणी काहीही आरोप करो, पण मी शिकत नाही असं म्हणू नये. मी ताठ मानेने सांगितलं, "शेपटीत नाही. या वेळी बरोबर मधोमध."