देखणा फोटो

छातीचा फोटो काढताना ‘श्वास धरा… सोडा’ असं म्हणून म्हणून एक्स-रे खोलीतल्या त्या गृहस्थांचं नावच धरासोडा पडलं होतं. तीस वर्षांत त्यांनी एकही हललेला वा पुसट फोटो डॉक्टरांच्या टेबलावर जाऊ दिला नव्हता. फसलेला फोटो मोडीच्या खोक्यात टाकायचा आणि पुन्हा काढायचा, हा त्यांचा शिरस्ता. आणि त्याचा त्यांना केवढा तोरा!

दोन वर्षांपूर्वी बायकोला जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा फोटो त्यांनीच काढला. दोन फुप्फुसांमधली सावली रुंद आली. श्वास अर्धवट भरला की ती अशी पसरते, हे त्यांना पाठ होतं.

“एवढंही जमत नाही तुला? नीट भर की!”

“अहो, भरतेच आहे. आत राहतच नाही.”

“दिवसाला साठ माणसांना जमतं.”

तिसऱ्या खेपेला तिनं ओठ घट्ट दाबून श्वास धरला. फोटो देखणा आला, सावलीही अरुंद. आधीचे दोन खोक्यात गेले. “छाती स्वच्छ आहे, वजन उतरवा,” डॉक्टर म्हणाले. तिच्या ताटातले घास कमी झाले. धाप कमी झाली नाही.

यंदा सकाळी उठल्यावर तिचा चेहरा सुजू लागला, मानेवरच्या शिरा दोरीसारख्या तट्ट फुगल्या. शिरेत औषध सोडून सीटी स्कॅन झाला. मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. फुप्फुसांच्या मधल्या जागेत जुन्या जखमेच्या वणासारखा चिवट थर वाढला होता आणि त्यानं रक्तवाहिन्या मुठीत आवळल्या होत्या.

“कॅन्सर नाही. फार क्वचित होतो हा आजार. पण औषधानं विरघळत नाही, आणि कापावा तर शिराच फाटायच्या. डोक्याकडून येणारी मोठी शीर जाळीची नळी घालून उघडू. उजव्या फुप्फुसाच्या शिरा मात्र पार मिटल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी कळलं असतं, तर कदाचित वाचवता आल्या असत्या.” त्यांनी जुना फोटो उजेडाला धरला. “पण हा तर अगदी साफ आहे.”



“साफच असणार,” धरासोडांकडे बघत बायको म्हणाली. “हात बसलाय यांचा.”

नळी घातली. सूज उतरली, धाप राहिली. महिन्यानं पुन्हा फोटो काढायची वेळ आली. ऐन क्षणी तिला खोकला आला. फोटो हलला, सावली पसरली. सवयीनं धरासोडांचा हात खोक्याकडे गेला.

“परत उभी राहू ना?” तिनं विचारलं.

“नको.”

त्यांनी पाकिटावर जपून लिहिलं : ‘रुग्णाला श्वास धरता येत नाही.’

तिनं ते पाकीट हातात घेऊन वाचलं.

“अक्षर सुरेख आहे हो तुमचं,” ती म्हणाली, आणि दम खायला तिथंच बाकावर बसली.